थांबण्याची ऐपत

आमच्या शेजारच्या काकूंना कापसाचा भाव विचारायला कुठे जावं लागत नाही. नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी ओसरीवर बसून त्यांनी मला मोबाईलवर हिंगणघाटचा भाव दाखवला, मग वर्ध्याचा, पांढरकवड्याचा, अकोटचा. नातवाने त्यांना एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये टाकून दिलंय. रोज सकाळी त्यावर बाजार समित्यांची यादी येते आणि सगळ्यात खाली न्यूयॉर्कच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या तारखेच्या सौद्याचा, आकडा. त्या आकड्याचा हिशोब त्यांना येत नाही, पण कालच्यापेक्षा चढला की उतरला एवढं त्या न चुकता पाहतात. अर्ध्या तासाने गल्लीत खेडा खरेदीवाल्याची गाडी येऊन उभी राहिली. काकूंनी मागच्या खोलीतला कापूस त्या गाडीत भरून दिला, मोबाईलवरच्या भावापेक्षा क्विंटलमागे पाचशे रुपये कमी घेऊन. काटा गाडीवाल्याचा, गाठोडी उचलणारी पोरं गाडीवाल्याची. पैसे मात्र रोख, तिथल्या तिथे मोजून.

मी म्हटलं, काकू, चार दिवस थांबल्या असत्या.

"थांबून का करू बापू? वेचणाऱ्या बाया सकाऊन पैसे मागाले येतात. अन् दुकानदार तं दिवाईपासून बसून हाये."

या उत्तराने मला बरेच दिवस स्वस्थ बसू दिलं नाही. गेली पंचवीस-तीस वर्षं आपण ऐकत आलो की खेड्यातला माणूस मागे राहिला, कारण त्याला माहिती नव्हती आणि जग त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. रस्ता येऊ द्या, टॉवर येऊ द्या, भाव त्याच्या मुठीत येऊ द्या, मग संधी आपोआप येईल. काकूंकडे माहिती पूर्ण होती. न्यूयॉर्क त्यांच्या ओसरीवर आलं होतं. त्यांच्याकडे नव्हती ती थांबण्याची ऐपत. जागतिकीकरण आणि तंत्रज्ञान यांनी कामाचं आणि कमाईचं रूप बदललं, हे सगळेच मान्य करतात. मला त्यापुढे एवढंच म्हणायचं आहे की या बदलात संधी त्याच्या वाट्याला येते ज्याला दम धरता येतो, आणि विदर्भाच्या खेड्यात हा दम फार थोड्यांना उरलेला आहे. दम म्हणजे काही कोणाचा जन्मजात गुण नव्हे. ती एक सोय आहे. असेल तर माणूस शहाणा दिसतो, नसेल तर अडाणी ठरतो.

हमीभावाचंच पाहा. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला होता. खुल्या बाजारात भाव सात हजारांच्या आसपास घोटाळत होता. म्हणजे काकूंनी सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर कापूस न्यायला हवा होता, हे शेंबडं पोरही सांगेल. पण तिथे जायचं तर आधी 'कपास किसान' ॲपवर नोंदणी, त्यासाठी सातबारा आणि पीक पेऱ्याची नोंद, मग तारीख मिळण्याची वाट. तारखेला भाड्याची गाडी करून कापूस न्यायचा. तिथे ओलावा मोजणार. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला कपात, १२ च्या वर गेला तर कापूस परत. पसंत पडला तर पैसे काही दिवसांनी खात्यात. शिवाय खात्यात आलेले पैसे बँक थकीत कर्जात वळते करून घेईल ही धास्ती. यातली एकेक अट वेगळी पाहिली तर गैर म्हणता येणार नाही. ओला कापूस सरकारने का घ्यावा? पैसे खात्यात जाण्याने मधला दलाल टळतो, हेही खरं. पण सगळ्या अटी एकत्र केल्या की हमीभाव हा ज्याला महिनाभर थांबता येतं त्याचा भाव होतो. ज्याला उद्या सकाळी पैसे हवेत, त्याच्यासाठी गल्लीतली गाडी.

जग आमच्याकडे आज आलेलं नाही. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि वऱ्हाडातल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाला, सोन्याचा भाव आला. युद्ध १८६५ ला संपलं, भाव पडले. तोवर ज्वारीची कितीतरी वावरं कापसाखाली गेली होती. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली, १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेने मुंबई विलायतेला जोडली गेली. माल झपाट्याने जायला लागला, भावाचा निरोप झपाट्याने यायला लागला. आज समृद्धी महामार्ग, मोबाईल टॉवर आणि ॲपबद्दल आपण जे बोलतो ते सारं त्या तीन-चार वर्षांत इथे घडून गेलं होतं. पूर्वी या भागात ज्वारी जमिनीत पेव करून साठवायचे. एखादा पाऊस दगा देऊन गेला तरी घर तग धरायचं. १८९९-१९०० चा दुष्काळ पडला तेव्हा रेल्वे होती, तार होती, कापसाचा भरलेला बाजार होता. पेवं नव्हती. माणसं अन्नावाचून मेली. आमच्या भागात म्हातारी माणसं 'पेव' हा शब्द अजून वापरतात. पेव असणं म्हणजे काय हे मात्र कोणी पाहिलेलं नाही.

मधल्या काळात थोडं वेगळं घडलं होतं. जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली. पुढे हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर इथेही गिरण्यांचे भोंगे वाजू लागले. कापूस इथे सूत व्हायचा, कापड व्हायचा, आणि दर टप्प्याला कोणाच्या तरी घरात पगार जायचा. एम्प्रेस मिलच्या जागेवर आता मॉल आहे. अचलपूरची फिनले मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली. पाच क्विंटल कापसातून साधारण १७० किलो रुईची एक गाठ निघते आणि बाकीची सरकी. आमच्या तालुक्यात रुई आणि सरकी वेगळी करणारे जिनिंगचे कारखाने आहेत, सरकीची ढेप निघते, आणि त्यानंतर गाठ ट्रकवर चढते. कताई, विणाई, रंगाई, शिलाई हे सगळे कामाचे टप्पे ट्रकबरोबर दुसऱ्या मुलखात जातात.

बांगलादेशात कापूस जवळजवळ पिकत नाही. तरी तयार कपड्यांच्या निर्यातीत तो देश जगातल्या पहिल्या काहींमध्ये आहे, आणि त्या कारखान्यांत लाखो बाया कामाला आहेत. आपला कापूस आणि आपलं सूतही तिकडे जातं. हे कसं जमलं? तिथल्या बाया स्वस्तात राबतात, असं सरसकट उत्तर दिलं जातं. ते अर्धंच आहे. स्वस्तात राबणारे हात आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजीलाही कमी नाहीत. १९७० च्या दशकाच्या शेवटी तिथल्या देश गारमेंट्स या कंपनीने कोरियातल्या देवू कंपनीशी करार केला आणि सव्वाशेच्या वर माणसं शिकायला कोरियात पाठवली. पुढे सरकारने आणि बँकांनी मिळून एक व्यवस्था बसवली. परदेशी गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर बँक कापडाच्या पैशाची हमी घेते, कपडे शिवून पाठवले आणि पैसे आले की ते वळते करून घेते. आणि निर्यातीसाठी आणलेल्या कापडावर आयात कर न भरता ते गोदामात ठेवता येतं. म्हणजे खिशात पैसा नसलेल्या कारखानदाराला ऑर्डर मिळाल्यापासून पैसे येईपर्यंतचे तीन-चार महिने थांबता येईल अशी सोय केली. कारखाने त्या सोयीवर उभे राहिले. तिथलं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. २०१३ मध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेच्या वर कामगार गेले. कारखानदाराला थांबण्याची सोय मिळाली होती. आदल्या दिवशी भिंतीला तडे गेलेले पाहूनही दुसऱ्या दिवशी आत जाणाऱ्या बायांना ती मिळाली नव्हती. पगार कापला जाईल या भीतीने त्या गेल्या. पण धडा घ्यायचा तर हाही घ्यावा. आपल्याकडे अमरावतीला पीएम मित्र टेक्स्टाइल पार्क जाहीर झालंय. मार्च २०२३ मध्ये घोषणा झाली, सप्टेंबर २०२४ मध्ये वर्ध्याच्या कार्यक्रमात भूमिपूजन झालं. तिथे रस्ते, वीज, पाणी येईल. चांदूर बाजारच्या एखाद्या बाईने वीस शिलाई मशीन टाकायच्या म्हटल्या तर तिचे पैसे येईपर्यंत कोण थांबणार, याचं उत्तर त्या पार्कच्या नकाशावर मला अजून दिसलेलं नाही.

(संत्र्याला तर अजिबात थांबता येत नाही. बांगलादेशने गेल्या काही वर्षांत आयात शुल्क वाढवत नेलं, आणि वरुड-मोर्शीच्या बागांत फळ झाडाखाली पडून राहिलं. शीतगृह आणि रस काढणाऱ्या प्रकल्पांची मागणी तिथे कित्येक वर्षं जुनी आहे.)

गेल्या वर्षीचा आणखी एक प्रसंग सांगावासा वाटतो, कारण त्यात कोणाला किती दम आहे हे स्वच्छ दिसलं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचं शुल्क ५० टक्क्यांवर नेलं. कापड आणि कपड्यांच्या निर्यातदारांना मोठा फटका बसणार होता. त्यांना दिलासा म्हणून केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क १९ ऑगस्टपासून उठवलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. निर्यातदारांची अडचण खरी होती, तिच्यावर लाखोंचा रोजगार आहे, हे मी नाकारत नाही. पण आमच्याकडे पहिली वेचणी दसऱ्याच्या आगेमागे येते आणि डिसेंबरअखेर बहुतेक लहान कास्तकारांचा कापूस विकून झालेला असतो. म्हणजे शुल्क नेमकं त्या काळात उठलेलं होतं ज्या काळात आमचा माणूस विकायला उभा असतो. गिरणीवाल्याला परदेशी गाठी मागवून इकडच्या बाजाराची मजा पाहत बसता आलं. वॉशिंग्टनच्या निर्णयाचा ताण शेवटी उतरला तो आमच्या राळेगाव तालुक्यातल्या एका मागच्या खोलीवर.

इथे मला कोणी अडवेल, आणि बरोबरच अडवेल, की थांबून तरी काय साधतं? २०२२ च्या पहिल्या सहामाहीत कापसाने दहा-बारा हजारांचा भाव पाहिला. त्याच्या पुढच्या हंगामात आमच्या भागातल्या कितीतरी घरांनी तोच भाव पुन्हा येईल म्हणून कापूस विकलाच नाही. माझ्या सख्ख्या चुलतभावाने झोपायच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरला होता. फेब्रुवारीत ऊन तापायला लागलं तसे त्यातून बारीक किडे निघाले, लेकरांच्या अंगावर पुरळ आलं, रात्रभर खाजवून वहिनी बेजार झाली. ते सारे अंगणात झोपायला लागले. एप्रिल-मेमध्ये वजन घटलेला, पिवळा पडत चाललेला कापूस सुरुवातीच्या भावापेक्षाही कमी दराने गेला. त्यामुळे 'थांबा, भाव वाढेल' असा सल्ला मी कोणालाच देणार नाही. तो जुगार आहे. मी ज्या दमाबद्दल बोलतोय तो वेगळा. कापूस सुरक्षित गोदामात आहे, त्याच्या पावतीवर बँकेने बऱ्यापैकी रक्कम हातात दिली आहे, आणि भाव पडलाच तर खाली हमीभावाचा तळ आहे. व्यापारी असाच थांबतो. तो झोपायच्या खोलीत कापूस भरत नाही.

राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून आहे. सोयाबीन, तूर, हरभरा बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने उचलायची, सहा महिन्यांत भाव पाहून विकायचं. योजना अतिशय शहाणी आहे. पण तिचा फायदा घेणारा आमच्या गावात मला एकच सापडला, आणि त्याच्याकडे स्वतःचा ट्रॅक्टर आहे. दहा पोती सोयाबीन घेऊन तालुक्याला जाण्याचं भाडं बाकीच्यांना परवडत नाही. मोबाईलवर योजनांची माहिती देण्यापेक्षा गोदाम गावाजवळ आणणं हे खरं काम आहे. ते ॲपसारखं एका दिवसात होत नाही, म्हणूनच बहुधा होत नाही.

आता काकूंकडे सकाळी पैसे मागायला येणाऱ्या बायांबद्दल. त्यांना तरी इतकी घाई का?

दहा-बारा वर्षांपूर्वी पावसाळ्यात सकाळी आमच्या पांदण रस्त्याने बायांच्या टोळ्या निघायच्या. हातात डबा, कमरेला खुरपं, डोक्यावर युरियाच्या पोत्याची खोळ. पहिलं निंदण (तण काढणं), दुसरं निंदण, जुलैपासून सप्टेंबरपर्यंत रोज कोणाच्या ना कोणाच्या वावरात काम. मजुरी थोडी होती, पण ती ज्या महिन्यांत घरात दाणा नसतो त्या महिन्यांत यायची. आता त्या रस्त्याने सकाळी पाठीवर पंप घेतलेला एक माणूस जातो. पंधरा-वीस बाया लागायच्या ते काम तो एका दिवसात तणनाशकाने उरकतो. तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरू नये असं बियाणंही आलं. सरकारची त्याला परवानगी नाही, म्हणून त्याला आमच्याकडे चोर बीटी म्हणतात (बीटी म्हणजे जनुक बदललेलं कापसाचं बियाणं), आणि ते सगळीकडे मिळतं. जून २०१९ मध्ये अकोट तालुक्यात शेतकरी संघटनेने ते जाहीरपणे पेरून आंदोलन केलं होतं. शेतकऱ्यांची बाजू मला मनापासून पटते. पंधरा दिवस झड लागली की डवरा (बैलांनी ओढायचं कोळपं) चालत नाही, तण पऱ्हाटीच्या वर जातं, आणि निंदणाचा खर्च पिकाच्या भावात कुठेच धरलेला नसतो. तंत्रज्ञान नको म्हणण्याचा अधिकार ज्याला वाकून तण काढावं लागत नाही त्याला नाही. आणि दिवसभर चिखलात वाकून राहणं हे काही जपून ठेवावं असं सुखही नव्हतं.

पण त्या वीस बाया कुठे गेल्या, हे कोणी विचारलं का? बियाणं कायदेशीर की बेकायदा यावर टीव्हीवर चर्चा झाल्या, निंदणाऱ्या बाईला तिथे कोणी बोलावलं नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या एका मावशीने मला हिशोब सांगितला. "आता निंदाले कोणी बलावतच नाई भाऊ. वेचाले तेवढं बलावतात." पावसाळ्यातले तीन महिने रिकामे गेले. घर चालवायला गटातून फायनान्सचं कर्ज घेतलं. त्याचा हप्ता दर आठवड्याला, ठरल्या वारी, वसुलीवाला दारात. दिवाळीआधी वेचणीची उचल घेतली, म्हणून किलोमागचा दर शेतकऱ्याने ठरवला तो मान्य करावा लागला. पूर्वी मजुरी आठवडी बाजाराच्या दिवशी मिळायची आणि चार दिवस मागेपुढे झाले तरी चालायचं. आता हप्त्याच्या आदल्या दिवशी पैसे हातात पडले नाहीत तर गटातल्या बाकीच्या बाया तोंडाला लागतात.

म्हणजे काकूंनी त्या संध्याकाळी क्विंटलमागे पाचशे रुपये सोडले त्याचं मूळ तणनाशकाच्या पंपापर्यंत जातं. बायांना थांबता येत नाही, म्हणून काकूंना थांबता येत नाही, म्हणून गाडीवाल्याला घासाघीस करावी लागत नाही. मजूर आणि कास्तकार एकमेकांचे वैरी आहेत असं आमच्याकडे दोघेही म्हणतात. मजुरी परवडत नाही असं एक म्हणतो, दुसरा म्हणतो मजुरीत पोट भरत नाही. दोघेही एकाच घाईने पिळून निघत आहेत, हे एकदा दोघांनी एका ओट्यावर बसून पाहायला हवं.

मजुराला दम देण्याची युक्ती याच महाराष्ट्राने शोधली होती. १९७२ च्या दुष्काळाच्या आसपास विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या विचारातून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ मध्ये देशाने ती उचलली. 'मागेल त्याला काम' या तीन शब्दांचा अर्थ नुसतं खडी फोडणं असा नव्हता. गावात पाटलाने कमी मजुरी सांगितली तर बाई म्हणू शकत होती, राहू द्या, मी हमीवर जाते. नाही म्हणता येणं ही तिची ताकद होती. त्या ताकदीचं आपण काय केलं? जानेवारी २०२३ पासून कामावरची हजेरी मोबाईल ॲपवर दिवसातून दोनदा फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. खोट्या हजेऱ्या होत होत्या, त्याला आळा हवाच होता. पण जिथे रेंज नाही तिथे फोटो चढत नाही, आणि फोटो नाही तर दिवसभर खणलेला खड्डा हिशोबात नाही. माझ्या डोळ्यांदेखत आमच्या रोजगार सेवकाने टेकडीवर चढून मोबाईल हवेत धरलेला आहे. खाली पंधरा माणसं माना वर करून त्याच्याकडे बघत होती. नंतर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या योजनेच्या जागी नवा कायदा आणला. दिवस १०० वरून १२५ झाले. त्याचबरोबर पेरणी आणि कापणीच्या हंगामात मिळून ६० दिवस कामं बंद ठेवण्याची तरतूदही आली, म्हणजे शेताला मजूर कमी पडू नयेत. शेतीच्या कामाच्या दिवसांतच बाईला नाही म्हणण्याची गरज असते. ती वाट नेमक्या त्याच दिवसांत बंद करता येणार असेल, तर वाढलेल्या २५ दिवसांचं मोल मला कमी वाटतं.

पोरांचं दुःख याच जातीचं आहे. रात्री आठच्या सुमाराला यवतमाळच्या बाहेर ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर उभं राहून पाहा. पाठीवर बॅग, हातात आईने बांधून दिलेली तुरीची डाळ आणि तिखटाची पिशवी. चाकण, रांजणगाव, हिंजवडी ही नावं आमच्या पोरांच्या तोंडी आता राळेगाव-घाटंजीइतकी रुळली आहेत. माझ्या ओळखीतला एक मुलगा आयटीआय फिटर. एका कारखान्यात कंत्राटावर लागला, सात महिन्यांनी 'ब्रेक' देऊन त्याला कमी केलं. तिथे वेल्डिंग आता रोबोट करतो आणि रोबोट सांभाळणारी माणसं थोडी लागतात. तिथल्याच एका सुपरवायझरने त्याला सांगितलं, सहा महिन्यांचा कोर्स कर, तू या लाइनवर बसशील. पोरगं हुशार होतं, त्याला ते पटलंही. पण सहा महिने खोलीभाडं आणि मेसचे पैसे कुठून आणायचे? त्याने हप्त्याने गाडी घेतली आणि पार्सल पोचवायला लागला. आज त्याची कमाई वाईट नाही. पण तो सांगतो, आता सुट्टी घेतली की गाडीचा हप्ता चुकतो, त्यामुळे कोर्सचा विषय संपला. कृत्रिम बुद्धिमत्ता कोणाच्या नोकऱ्या खाणार यावर शहरात परिसंवाद होतात. माझ्या मते ती आधी त्याची नोकरी खाईल ज्याला नवं शिकायला सहा महिने काढता येत नाहीत.

या बाबतीत सरकारला काहीच सुचलं नाही असं नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यात ॲपवर काम करणाऱ्यांची पहिल्यांदा व्याख्या झाली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यायची तरतूद आली. राज्याने २०२४ मध्ये युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला ६,०००, आयटीआय-पदविकेला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये महिना. शिकताना पोटाला आधार द्यावा ही कल्पना सोळा आणे बरोबर आहे. पण पुष्कळ पोरं सरकारी कचेऱ्यांत फायली लावायला बसवली गेली आणि मुदत संपल्यावर आम्हाला कायम करा म्हणत रस्त्यावर आली. त्याच पैशात त्या फिटरला रोबोटची लाइन शिकता आली असती.

आणि नवं काम गावात येतच नाही असंही नाही. आमच्याच तालुक्यातल्या एका मुलीने गेल्या वर्षी मोबाईलवर वाक्यं वाचून आपला आवाज नोंदवण्याचं काम केलं. संगणकाला वऱ्हाडी बोली समजावी म्हणून असे आवाज गोळा करतात. तासाला मिळालेले पैसे निंदणापेक्षा चांगले होते, घरबसल्या होते, तिला ते आवडलंही. पंधरा दिवसांत वाक्यं संपली, काम संपलं. तिच्या आवाजावर पुढे जे काही उभं राहील ते कुठे राहील आणि त्यातलं तिला काय मिळेल, हे तिला कोणी सांगितलं नाही. तिनेही विचारलं नाही. पैसे वेळेवर आले याचाच तिला आनंद होता. मला मात्र तिच्याशी बोलताना सारखी गाठ भरून चाललेली ट्रक दिसत होती.

आमच्या गावात सोसायटीचं एक गोदाम आहे. माझ्या लहानपणी तिथे खताची पोती असायची. आता कुलूप आहे, छपराचे तीन पत्रे उडालेत, आत कबुतरं. गेल्या महिन्यात मी आणि दोघे-तिघे किल्ली शोधत फिरलो, तेव्हा ती कोणाकडे आहे हेच दोन दिवस कळेना. शेवटी सापडली. आत जाऊन पाहिलं, भिंती धड आहेत, फरशी कोरडी आहे. तीन पत्रे, एक दार, एक वजनकाटा आणि ओलावा मोजायचं यंत्र, एवढ्यात तिथे चारशे पोती तूर-सोयाबीन राहील. त्याच्या पावतीवर पैसे द्यायला बँक तयार होईल का, हे विचारायला आम्ही दोनदा जाऊन आलो. साहेब म्हणाले, गोदामाची नोंदणी करून आणा. येत्या ग्रामसभेत तो विषय अर्ज देऊन घ्यायला लावला आहे. काकूंनी अर्जावर सही केली, वेचणाऱ्या बायांपैकी सात जणींनीही केली. मावशीने सही करताना एकच विचारलं, यात तूर ठेवाले जागा भेटन का, बटईच्या वावरातली दोन पोती हायेत तिची.